मदत हवी आहे: फ्रँकलिनला सरसकट 'डीइस्ट' म्हणावं का?

मंडळी, अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याच्या श्रद्धेवर टिपण लिहिते आहे, एका जागी अडलंय. डीइस्ट म्हणजे देवाने जग घडवलं, पण पुढे तो त्यात लक्ष घालत नाही, असं मानणारा. 1728 मध्ये त्याने स्वतःपुरती उपासना लिहून काढली. तीत एका परमेश्वराच्या हाताखाली अनेक देव आहेत. मार्च 1790 मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांना लिहिलेल्या पत्रात मात्र एकच ईश्वर, आणि तो जगाचा कारभार चालवतो. ईश्वराच्या लेकरांचं भलं करणं हीच ईश्वराची खरी सेवा. येशूची नीती सर्वोत्तम, देवत्वाबद्दल शंका. जग घडवून बाजूला झालेला देव यात कुठे बसतो? शिवाय 28 जून 1787 ला अमेरिकेची राज्यघटना ठरवणाऱ्या परिषदेत रोज प्रार्थनेने सुरुवात करा, असं त्यानेच सुचवलं (मतदान झालंच नाही). ही निव्वळ भांडण शमवायची युक्ती होती, हे मला पटत नाही.

स्वतःला सुधारण्यासाठी त्याने ठेवलेल्या तेरा सद्गुणांच्या वहीचंही तसंच. आठवड्याला एक गुण, वर्षात चार फेऱ्या, चुकलं की काळा ठिपका. पण यादीत भक्ती नाही. नम्रतेपुढे येशू आणि सॉक्रेटिस शेजारी शेजारी.

अनेक देवांकडून एका ईश्वराकडे तो नेमका कधी वळला? 1730 ते 1780 मधली त्याची कोणती पत्रं आधी वाचावीत? तारखेसह सांगाल का?