शब्दचर्चा: ‘क्लायमेट चेंज मानता का?’ हे मराठीत विचारायचं कसं?

मैत्रेयी
मदत हवीये. एका संस्थेची इंग्रजी प्रश्नावली मराठीत करतेय, नाशिकच्या निफाड-दिंडोरी भागात घरोघर विचारायची आहे. पहिलाच प्रश्न ‘डू यू बिलीव्ह इन क्लायमेट चेंज?’ मी केलं ‘तुमचा हवामान बदलावर विश्वास आहे का?’ आणि काही ठिकाणी विचारून बघितलं. एक ताई द्राक्षाच्या घडांचं डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) करत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, ‘विश्वास कसला, बदलणारच ते, सकाळी ऊन अन् दुपारी आभाळ.’ म्हणजे त्यांनी वेदर ऐकलं, क्लायमेट नाही. मग मी ‘जागतिक तापमानवाढ मानता का’ असं विचारलं तर म्हणाल्या, ‘मानायला तो काय खंडोबा आहे?’ पुढच्या घरी काकांनी ‘आम्ही माळकरी, असलं काही मानत नाही’ म्हणून विषयच संपवला.

तर दोन प्रश्न आहेत. क्लायमेट आणि वेदर वेगळे कसे दाखवायचे, आणि ‘बिलीव्ह’ला काय, कारण विश्वास आणि मानणं दोन्ही देवाकडे जातात.

जुना_पुणेकर
पहिल्याचं उत्तर शाळेच्या भूगोलात आहे की! हवा म्हणजे वेदर, हवामान म्हणजे क्लायमेट. आम्ही ‘हवा व हवामान यांतील फरक स्पष्ट करा’ हे पाठ करून मार्क मिळवलेत. हवा रोजची, हवामान म्हणजे अनेक वर्षांची सरासरी, हवामानशास्त्रात ३० वर्षं धरतात. लोक विसरले म्हणून शब्द बदलायचा नसतो.

द्राक्षबाग
काका पुस्तकात असेल पण सरकारच पाळत नाही त्याला काय करायचं. उद्या पाऊस आहे का हे कोण सांगतं, हवामान विभाग. आम्ही विमा कोणता काढतो, ‘हवामान आधारित फळपीक विमा’, त्यात अवेळी पाऊस किती मिलिमीटर झाला, तापमान किती खाली गेलं यावर पैसे, म्हणजे सगळं वेदरच. आणि ‘आज हवा कशी आहे’ असं कोणी विचारलं तर आमच्याकडे वारा सुटलाय का एवढंच समजतात. मैत्रेयीताईंना त्या बाईंनी बरोबर उत्तर दिलं, प्रश्न चुकीचा होता.

शब्दवेडा
मुळात हवामान हा शब्दच धेडगुजरी आहे. हवा अरबी, मान संस्कृत. आपल्याकडे ‘ऋतुमान’ हा अस्सल शब्द पडून आहे, त्यात काळही आला आणि मोजमापही. ‘ऋतुमानातला पालट’ म्हणा. सावरकरांनी महापौर, दिनांक दिले तेव्हाही लोक हसलेच होते, आज कोणाला ते परके वाटतात? ग्लोबल वॉर्मिंग ग्लोबल वॉर्मिंग करत बसलो तर विषय शिकलेल्यांपुरताच राहील याची मला खरोखर काळजी वाटते.

रत्नांग्री
अरबी म्हणून हवा नको तर मग मोसम पण नको, तोही अरबीच, मान्सून त्यातूनच आला. हंगाम फारसी. काढा सगळे आणि मग पेरणी कधी करायची ते सांगा लोकांना.

आणि क्लायमेटला गावात शब्द आहे हो. ‘हवापाणी’. मुंबईहून आलेल्या सुनेला ‘इथलं हवापाणी मानवलं नाही’ म्हणतो तेव्हा एका दिवसाचं ऊन-पाऊस अभिप्रेत नसतं, त्या जागेचा कायमचा स्वभाव असतो. फारसीतलं आबोहवा तेच, पाणी आणि हवा, हिंदीवाल्यांचं जलवायुही तेच. ‘तुमच्याकडचं हवापाणी तुमच्या लहानपणीपेक्षा बदललंय का?’ असं विचारून बघा, बाई तासभर बोलतील.

मैत्रेयी
हवापाणी आवडलं! पण संस्थेला अधिकृत शब्द हवाय आणि शासनाच्या खात्याचं नाव तर ‘पर्यावरण व वातावरणीय बदल’ असं आहे, म्हणजे तिसराच शब्द :(

जुना_पुणेकर
वातावरण म्हणजे ॲटमॉस्फिअर. आणि घरात भांडण झालं की तंग होतं तेही. क्लायमेटला हा शब्द अजिबात नको. अवांतर: हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सिमला ऑफिस चौक म्हणतात.

वऱ्हाडकर
आमच्याइकडे तापमानवाढ कोणी म्हणत नाही. ‘तपन’ म्हणतात. ‘लय तपन होऊन राहिली’ म्हटलं की चंद्रपूर ते अकोला सगळ्यांना समजते. सूर्य रोहिणीत गेला की नवतपा, मे महिन्याच्या शेवटी सुरू होणारे नऊ दिवस, ती तपन वेगळी, ती ठरलेली असते. पण मार्चमध्येच कूलर काढावा लागतो ती ठरलेली नाही. जागतिक तपन म्हणा ना, अर्थ सरळ अंगाला लागतो.

सडेतोड
शब्दांचा एवढा कीस कशाला? हवामान नेहमीच बदलत आलंय. सहाशे वर्षांपूर्वी दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हा गाड्या होत्या का? १९७२ ला काय ग्लोबल वॉर्मिंग होतं? झाडं लावा, प्लास्टिक कमी करा हे पटतं, पण प्रत्येक गारपीट कार्बनच्या नावावर टाकणं मला पटत नाही आणि त्या माळकरी काकांचं म्हणणं मला योग्य वाटतं.

गंधार
सडेतोड, तुमच्या प्रतिसादातच शब्दाचं महत्त्व दिसतंय. ‘बदल’ म्हटलं की कोणीही म्हणणार, बदल तर होतच असतो. अमेरिकेत हे ठरवून झालंय. ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हा शब्द ब्रोकर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७५ च्या लेखाच्या मथळ्यात वापरला, आणि २००२ मध्ये फ्रँक लंट्झ या प्रचारतज्ज्ञाने रिपब्लिकन पक्षाला लेखी सल्ला दिला की ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतीदायक वाटतं. उलट २०१९ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन दैनिकाने ठरवलं की वॉर्मिंगऐवजी ‘हीटिंग’ लिहायचं. मराठीत हा फरक क्रियापदातच करता येतो, पृथ्वी तापतेय आणि पृथ्वी तापवली जातेय. माझं मत दुसऱ्याला, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीआधी दशलक्षात २८० भागांच्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे, आणि तो आपण कोळसा-तेल जाळून वाढवलाय. १९७२ चा दुष्काळ खरा, पण एका वर्षाचा दुष्काळ आणि दशकानुदशकं चढणारी सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ हे औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं.

सडेतोड
आकडे मान्य. पण ‘तापवली जातेय’ असं प्रश्नातच लिहिलं तर तो प्रश्न राहत नाही, उत्तर तोंडात घालणं होतं.

मैत्रेयी
हे मात्र सडेतोड यांचं पटलं. तिथे सरळ ‘तुमच्या मते’ वापरावं का? ‘तुमच्या मते हे होतंय का?’ म्हणजे विश्वासही नको, मानणंही नको. येल विद्यापीठाने भारतात असंच केलं होतं, आधी थोडक्यात अर्थ सांगितला मग विचारलं, आणि ज्यांनी हा शब्द फारसा ऐकला नव्हता त्यातल्याही बहुतेकांनी हो म्हटलं.

शब्दवेडा
‘तुमच्या मते’ चालेल. पण ऋतुमान सोडू नका.

द्राक्षबाग
मतापेक्षा अनुभव विचारा ताई. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) करतो, फुलोऱ्यात अवकाळी आला की घडांची गळ, कूज, डावणी (बुरशीचा रोग) सगळं एकदम येतं. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो पडला त्यात बागा गेल्या. ज्याची बाग गेली त्याला मत विचारायची गरज नाही.

जुना_पुणेकर
अवकाळी की अवेळी? विम्याच्या कागदात अवेळी असतं. मला अवकाळी बोलीभाषेतलं वाटतं.

शब्दवेडा
उलट! अवकाळीत काळ आहे, अवेळीत नुसती वेळ. अवेळी पाहुणा येतो. ऋतूचं बोलायचं तर अवकाळीच.

गंधार
पण काळच सरकला तर? हवामान विभागाने २०२० मध्ये मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली. म्हणजे ५ ऑक्टोबरचा पाऊस पूर्वी उशिराचा होता, आता हक्काचा झाला.

द्राक्षबाग
तारीख तुमची सरकली, वेलीची नाही सरकली. अवकाळी हे पिकाच्या काळावरून ठरतं, कॅलेंडरवरून नाही. छाटणी झाल्यावर आला तो अवकाळी, मग खातं काही म्हणो.

रत्नांग्री
+१. आमच्याकडे डिसेंबरात मोहराच्या वेळी नुसतं मळभ आलं, थेंब नाही पडला, तरी आई ‘अवकाळी आभाळ’ म्हणते. पावसालाच लावायचा शब्द नाहीये तो.

वऱ्हाडकर
आमच्याइकडे अवकाळी फक्त पाण्यालेच. आभाळाले ‘ढगाळ’. गारांले तर अवकाळी पण नाही म्हणत, नुसतं ‘गारा आल्या’, कारण त्या येतात तेव्हा चुकीच्याच वेळी येतात, गहू-हरभरा उभा असताना.

शब्दवेडा
रत्नांग्री, हे ‘अवकाळी आभाळ’ फक्त तुमच्या घरी की सगळ्या तालुक्यात? कोकणातल्या इतरांनीही लिहा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात काय दिलंय ते कोणी काढून टाकेल का इथे?