मदत हवी आहे: वरून दिसणाऱ्या शूटर गेममध्ये भीती टिकवायची कशी? (सोलापूर, मे १९३०)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मित्र सोलापुरात बसून गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये एक टॉप-डाऊन शूटर करतोय. दोन ठिकाणी अडलोय.

आधी गोष्ट सांगतो. ८ मे १९३० ला गोळीबार, मग पोलिस शहराबाहेर, ९ ते ११ मे लोकांनीच कारभार सांभाळला आणि १२ मेला मार्शल लॉ. हे इथं शाळकरी पोरांनाही माहीत असतं. आमच्या गेममध्ये मार्शल लॉ येतच नाही. फौजेची आगगाडी स्टेशनात येते ती रिकामी. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लूटो सापडल्याची बातमी जगभर गेली होती. आम्ही धागा तिथून ओढलाय: माणसानं तिकडं पाहिलं, तसं तिकडून कुणीतरी इकडं पाहिलं. शहर स्वतंत्र राहतं, पण सिद्धेश्वर तलावात रात्री जे तारे दिसतात ते आपल्या आकाशातले नसतात.

अडचण कॅमेऱ्याची. वरून सगळंच दिसतं: बोळ, वळण, मागून येणारं जनावर. ज्याला सगळं दिसतं तो घाबरेल कशाला? गोळ्या भरपूर दिल्या की नुसती कत्तल होते, कमी दिल्या की नुसती पळापळ. कॅनव्हास मॉड्युलेटने (अख्ख्या दृश्याचा रंग बदलणारी सोय) अंधार केला, कंदिलाला पॉइंट लाइट दिला, भिंतींना ऑक्लूडर (उजेड अडवून सावली पाडणारे आकार) लावले. तरी शत्रूचा आकार अंधारातही ओळखू येतो. शिवाय गिरणीच्या लेव्हलमध्ये मागांच्या रांगाच रांगा, तिथं लॅपटॉप धापा टाकतो.

दुसरं, सोलापूरचे चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. खऱ्या इतिहासात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. आमच्या इतिहासात ते वाचतात. त्यांना पात्र म्हणून आणावं का? माझं मन घेत नाही. मित्राचं म्हणणं, ते नसतील तर सोलापूर नुसता मागचा पडदा होईल.

प्रतिसाद १
शत्रूच्या स्प्राइटला (म्हणजे त्याच्या चित्राला) कॅनव्हास आयटम मटेरियल लावा आणि लाइट मोड 'लाइट ओन्ली' करा. उजेड पडेल तेवढाच भाग दिसेल, बाकीचं जनावर अंधारात. प्रत्येक मागाला वेगळा ऑक्लूडर नको, अख्ख्या रांगेला एक लांब पट्टी पुरते. सावल्या फक्त कंदिलाच्या चालू ठेवा.

पण खरं उत्तर तुमच्या गोष्टीतच आहे. वरून बघतंय कोण? तो कॅमेरा त्या आकाशातल्याचाच डोळा करा. खेळाडूला उघड्यावर सगळं दिसतं, कारण त्या डोळ्याला सगळं दिसतं, म्हणून जनावरं नेमकी तिथंच येतात. छपराखाली गेलं की डोळ्याला दिसत नाही, आणि खेळाडूलाही नाही. मग दर वेळी निवड करावी लागेल: दिसावं की लपावं.

प्रतिसाद २
चौघांना पात्र करू नका, भाऊ. त्यांच्या तोंडी तुम्ही लिहिलेले संवाद घालायचे म्हणजे मोठी जबाबदारी आहे. त्याऐवजी ते तीन दिवस नीट दाखवा. पोलिस नसताना काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर रहदारी सांभाळत होते. खेळाडूला आधी त्या शहरात थोडं मोकळं फिरू द्या, बंदूक नंतर हातात द्या. शहर जीव लावण्यासारखं वाटलं तर ते पडदा राहणार नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. चौघांचा प्रश्न माझ्यापुरता सुटला, मित्रालाही हे वाचून दाखवतो. पहिली लेव्हल आता बंदुकीशिवायच करू.

डोळ्याची कल्पना तर आजच करून बघतो. फक्त एक सांगा: छपराखाली स्क्रीनवर काहीच दिसत नसेल, तर खेळाडूनं नेम धरायचा कशावर? डाव्या-उजव्या कानातल्या आवाजावर भागेल, की जवळच्या दोन-चार हातांचा उजेड ठेवावाच लागेल? कुणी असं काही केलं असेल तर कृपया लिहा.