सामाजिक संस्थेतील इंटर्नशिपही काटेकोर हवी

सामाजिक संस्थेतील इंटर्नशिप केवळ प्रमाणपत्रापुरती असते आणि खरे शिक्षण गोव्यातील वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांतच मिळते, असा मुद्दा मांडला जातो; तो मला मान्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार इंटर्नशिपचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक (क्रेडिट). हे तास औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जावोत वा ग्रामपंचायतीत, मोजमाप एकच आहे. फरक पडतो तो काम नेमून देण्यात. कारखान्यात नोंदी, तपासण्या आणि वरिष्ठांची सही ही शिस्त आधीपासूनच असते. संस्थांमध्ये ती महाविद्यालयाने घडवावी लागते.

आपल्या गोव्यात अशी कामे मुबलक आहेत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही (गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंद) तयार करणे हे तिचे एक मुख्य काम आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खाजन शेतीतील (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या खारट जमिनीतील) कोरगुटासारख्या खारेपणा सोसणाऱ्या भाताची, मानशींची (भरती-ओहोटीचे पाणी अडवणाऱ्या दारांची) आणि बांधांच्या स्थितीची नोंद शेतकऱ्यांसोबत बसून केली, तर ती पंचायतीला पुढे अनेक वर्षे उपयोगी पडेल. (हे काम पावसाळ्यातच ठेवावे, कारण मे महिन्यात शेतात हे भात नसते.)

मात्र प्रवासखर्च कोणी द्यायचा, हे आधी लेखी ठरले पाहिजे, कारण काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यातून पणजीला येणाऱ्या मुलीला तो रोज परवडेलच असे नाही. कोणत्या महाविद्यालयाने असा करार केला असेल, तर त्यातील अटी कृपया येथे सांगाव्यात.