शब्दचर्चा: 'इनहेरिटन्स'ला वारसा म्हणावं का?

वळणवाट: एका सरकारी खात्याच्या जमीन-नोंदींच्या नव्या संगणक प्रणालीची प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करतेय. रचना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे माहिती आणि तिचे नियम एकत्र ठेवणारी. 'क्लास'ला (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा) वर्ग आणि 'इनहेरिटन्स'ला (एका क्लासचे गुण दुसऱ्या क्लासला मिळणं) वारसा केलं. "शेतजमीन हा वर्ग जमीन या वर्गाकडून वारसा घेतो." एका मंडळ अधिकाऱ्यांनी मसुदा वाचून विचारलं, "वर्ग-1 की वर्ग-2? आणि वारस नोंद कधीची?" भोगवटादार वर्ग-2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे त्यांच्या डोक्यात 'वर्ग' तोच. पर्याय सुचवा.

गिरगावकर: ऑब्जेक्ट-ओरिएंटेडला 'वस्तुनिष्ठ प्रणाली' तरी लिहू नका. वस्तुनिष्ठ म्हटलं की चारांतला एक पर्याय निवडायचा, एवढंच आठवतं.

शुद्धमती: 'वस्तुलक्ष्यी' घ्या. सावरकरांचे 'दिनांक', 'महापौर' रुळलेच ना?

कोबोलकाका: ते रोज तोंडात येणारे शब्द होते. हा कोण बोलणार? सरळ 'क्लास' लिहा.

आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जमिनीचा प्रकार म्हणजे नुसता एक कोड. शासनाने नियम बदलला की तो कोड जिथे जिथे तपासलाय ते सगळे प्रोग्रॅम हुडकायचे, आणि एखादा हमखास राहायचा. नव्या रचनेत नियम त्या त्या प्रकाराच्या जमिनीपाशीच राहतो आणि बाहेरून कुणी क्षेत्राच्या आकड्याला हात लावू शकत नाही. महसुलात हे जुनंच आहे. सातबाऱ्यावर परस्पर खाडाखोड चालत नाही. आधी गाव नमुना 6 (फेरफार नोंदवही) मध्ये फेरफार, मग नोटीस, हरकती, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मग सातबारा. 'एन्कॅप्सुलेशन' (माहितीला बाहेरून थेट हात लावू न देणं) असं सांगा, तलाठ्याला दोन मिनिटांत कळेल.

शुद्धमती: म्हणजे 'फेरफार' चालतो! तो तरी कुठे मराठी? फारसी असणार.

गिरगावकर: 'फार' दिसला की फारसी? फिरणे, फेर, फेरफार. घरचाच आहे.

नॉर्वेरिटर्न: डाल आणि निगार्ड या नॉर्वेच्या संगणकतज्ज्ञांच्या 1967 च्या सिम्युला या प्रोग्रॅमिंग भाषेत क्लास होता, पण 'इनहेरिटन्स' म्हणत नसत. मूळ क्लासचं नाव आधी जोडायचं, त्याला 'प्रिफिक्स' म्हणत. थोडक्यात, उपसर्ग.

कोबोलकाका: तलाठ्याला आधीच उपसर्ग कमी आहेत का!

वळणवाट: वारसाची आणखी एक अडचण. वारस लागतो तो मूळ खातेदार गेल्यावर. इथे 'जमीन' धडधाकट आहे, तिच्यातला बदल खाली सगळ्यांना लागू होतो. मला 'वळण' सुचतंय. शेतजमीन जमिनीच्या वळणावर गेलीय.

शुद्धमती: शासकीय पुस्तिकेत वळण? उद्या 'नाक आजीचं' पण लिहाल. 'अनुहरण' घ्या.

गिरगावकर: पण सारखा सातबारा काय? आमच्या गिरगावात सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड. त्याला मराठीत मिळकत पत्रिका म्हणायचं की मालमत्ता पत्रक?

कोबोलकाका: मिळकत पत्रिका. भूमापनाचा नंबर सी.एस. का?

गिरगावकर: हो, शहरात सी.एस. उपनगरात, अंधेरीत, मेहुण्यांचा सीटीएस. आणि ते मालमत्ता पत्रकच म्हणतात.

शुद्धमती: मिळकत म्हणजे उत्पन्न. मालमत्ताच बरोबर.

कोबोलकाका: 'माल' आणि 'मत्ता' दोन्ही अरबी, बाई.