आठवीला जर्मन: ‘डेन’ आणि ‘डेम’चा घोळ सुटत नाही

निळीशाई:
आठवीचा वर्ग, जर्मनचं पहिलंच वर्ष, आठवड्याला ४ तासिका. डेअर-डी-डास (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी नामाआधी लागणारी आर्टिकलं) बरं चाललं होतं. आकुझाटिफ संपवून डाटिफ घेतलं आणि सगळं विस्कटलं. ‘द्वितीया म्हणजे आकुझाटिफ, चतुर्थी म्हणजे डाटिफ’ असं फळ्यावर लिहून दिलंय, पुल्लिंगी डेअरचं आकुझाटिफमध्ये डेन होतं आणि डाटिफमध्ये डेम, हेही. तरी मुलं ‘इश काउफे डेअर टिश’ (मी टेबल विकत घेतो) लिहितात आणि ‘इश झेहे डेम हुंट’ही (मी कुत्र्याला बघतो), दोन्हीकडे हवं डेन. मराठी व्याकरणाचा आधार घेणंच चुकतंय का?

काथ्याकूट:
आधार चुकत नाहीये, ‘ला’ फसवतोय. ‘मी टेबल घेतो’ यात कर्माला प्रत्ययच नाही, म्हणून मूल डेअर तसाच ठेवतं. ‘मी कुत्र्याला बघतो’ आणि ‘मी कुत्र्याला पोळी देतो’ यांत दोन्हीकडे ‘ला’, पण जर्मनमध्ये पहिला डेन हुंट, दुसरा डेम हुंट. मराठीत कर्म सजीव की निर्जीव यावर बरंच ठरतं, जर्मनमध्ये क्रियापदावर.

म्हणून विभक्तीची नावं महिनाभर बाजूला ठेवा आणि भिंतीवर क्रियापदांच्या याद्या लावा. हाबेन (जवळ असणं), काउफेन (विकत घेणं), झेहेन (बघणं), एसेन (खाणं), ब्राउखेन (गरज असणं): डेन. हेल्फेन (मदत करणं), डांकेन (आभार मानणं), गेफालेन (आवडणं), गेह्योरेन (मालकीचं असणं): डेम. गेबेन (देणं), शेंकेन (भेट देणं), त्साइगेन (दाखवणं) यांना दोन्ही लागतात, ज्याला द्यायचं तो डेममध्ये, जे द्यायचं ते डेनमध्ये: ‘इश गेबे डेम हुंट डेन बाल’ (मी कुत्र्याला चेंडू देतो).

आकुझाटिफचे पहिले २ तास फक्त पुल्लिंगी नामं घ्या (टिश, श्टूल म्हणजे खुर्ची, आप्फेल म्हणजे सफरचंद, ब्लाइश्टिफ्ट म्हणजे पेन्सिल). डी आणि डास बदलतच नाहीत, त्यामुळे ती मिसळली की निम्मी उत्तरं न कळताच बरोबर येतात. नंतर उलटी चूक सुरू होईल, ‘डास इस्ट आइनेन टिश’ (हे एक टेबल आहे; हवं नुसतं ‘आइन’). ‘इस्ट’पुढे (‘आहे’पुढे) कर्म नसतं, हे तेव्हाच सांगा, आधी नको. आणि डाटिफमध्ये डी फ्राउची (बाई) ‘डेअर फ्राउ’ होते, ते आठवडाभर लांबवा. ओळखीचा डेअर स्त्रीलिंगात दिसला की आधीचंही डळमळतं.

पाटीपेन्सिल:
वरच्याशी सहमत, पण मुळात टिश पुल्लिंगी हेच पक्कं नसेल तर डेन येणार कुठून? मराठीला तीन लिंगं आहेत, एवढाच फायदा घ्या. ते पुस्तक–डास बूख जुळतं, आणि मग ती खुर्ची–डेअर श्टूल, ते दार–डी ट्यूर, ती सुरी–डास मेसर दगा देतात. डास मेडशेनला (मेडशेन म्हणजे मुलगी) मुलं हसतात, तिथे ते लेकरू, ते कोकरू आठवून द्या. ‘शेन’ शेपटी लागली की नपुंसक. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’ स्त्रीलिंगी.
वहीत सुटा शब्द नको. आर्टिकल, शब्द, अनेकवचन एका ओळीत: डेअर आप्फेल, डी एप्फेल. पुल्लिंग निळ्याने, स्त्रीलिंग लालने, नपुंसक हिरव्याने. तासिकेला ८ शब्द पुरे. २० दिले तर सगळ्यात आधी आर्टिकल गळतं.

उंबरठा:
डाटिफमध्ये मराठी कामाला येते ती जागा वेगळीच आहे. ‘मला थंडी वाजते’ – ‘मिअर इस्ट काल्ट’. ‘मला ते आवडतं’ – ‘एस गेफेल्ट मिअर’. इंग्रजीतून विचार करणारं मूल ‘इश बिन काल्ट’ म्हणतं. डाटिफ इथूनच सुरू करा, डेम मागून येऊ दे.
(अवांतर: फ्युन्फउंटत्स्वान्त्सिश, पाच आणि वीस, हे पंचवीससारखंच, म्हणून आकडे लवकर बसतात. अडतात २९ ला. मराठी एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, जर्मनमध्ये मात्र नऊ आणि वीस. आणि ‘हाल्प आख्ट’ म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे!)

निळीशाई:
याद्या लावते. पण रिकाम्या जागा बरोबर भरतात आणि स्वतःचं वाक्य लिहिताना चुकतात, त्याचं काय?

काथ्याकूट:
रिकाम्या जागेत क्रियापद आणि नाम तुम्हीच निवडून दिलेलं असतं. १२ क्रियापदांची आणि १२ नामांची कार्डं करा, नामाच्या कार्डावर आर्टिकल लिहू नका. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक उचलायचं, वाक्य आधी बोलायचं, मग लिहायचं. ‘टेबल खातो’ निघालं तरी चालेल, आर्टिकल बरोबर हवं. तपासताना स्पेलिंगला हात लावू नका, फक्त आर्टिकलला खूण करा.