टाइम-ऑफ-फ्लाइट शोधक : सगळेच कण प्रकाशाच्या वेगाजवळ असताना वेळेवरून ओळख कशी पटते?

खानापूरची विद्यार्थिनी :
मी बेळगावात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत असून सेमिनारसाठी सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेतील, अणुकेंद्रके एकमेकांवर आदळवणाऱ्या ॲलिस प्रयोगाचा टाइम-ऑफ-फ्लाइट शोधक, म्हणजे कणाला पोहोचायला लागलेला वेळ मोजणारे उपकरण, हा विषय घेतला आहे. टक्कर होते तिथपासून हा शोधक जेमतेम ३.७ मीटरवर आहे आणि टक्करीतून निघणारे पायॉन काय, त्यांच्याहून जड केऑन काय, दोन्ही कण प्रकाशाच्या वेगाच्या आसपासच धावत असतात. एवढ्या कमी अंतरात मोजण्याइतका फरक पडतो कसा? शिवाय वेळेवरून फार तर वेग कळेल; कण कोणता, हे कशावरून ठरते?

निपाणीचे निवृत्त प्राध्यापक :
आपला दुसरा प्रश्न आधी घेतो. नुसत्या वेगावरून कण ओळखता येत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु चुंबकीय क्षेत्रात कणाचा मार्ग किती वळला, यावरून त्याचा संवेग आधीच कळलेला असतो आणि संवेग व वेग दोन्ही हाती आले की वस्तुमान निघते. संवेग सारखा असेल तर जड कण मागे पडतो. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर दिसणारा उसाचा ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांचा संवेग सारखा ठेवायचा झाला, तर ट्रॅक्टर किती हळू हाकावा लागेल, याचा विचार करावा.

आता आकडे पाहू. कणांचे वस्तुमान आणि संवेग आपण ऊर्जेच्या एककांत सांगतो : एमईव्ही आणि त्याच्या हजारपट जीईव्ही. पायॉनचे वस्तुमान सुमारे १४० एमईव्ही आणि केऑनचे सुमारे ४९४. संवेग १ जीईव्ही असेल, तर ३.७ मीटरचे सरळ अंतर कापायला पायॉनला साधारण १२.५ आणि केऑनला १३.८ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लागतात. म्हणजे फरक १.३ नॅनोसेकंदांचा, आणि तो भरपूर आहे. मात्र संवेग वाढत जातो तसा हा फरक जवळजवळ संवेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो : ३ जीईव्हीला सुमारे १५० पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचे हजारांश) आणि ५ जीईव्हीला केवळ ५५. त्यामुळे ही पद्धत ठरावीक संवेगापर्यंतच चालते.

खानापूरची विद्यार्थिनी :
धन्यवाद, सर. पण १५० पिकोसेकंदांचा फरक पकडणारे उपकरण असते तरी कसे?

चिकोडीचा संशोधक :
ॲलिसमध्ये त्यासाठी काचेच्या पातळ तबकड्या एकावर एक रचलेल्या, वायूने भरलेल्या शोधक पट्ट्या आहेत. तबकड्यांमधील प्रत्येक फट २५० मायक्रॉनची, म्हणजे पाव मिलिमीटरची असून अशा १० फटी असतात. फट इतकी अरुंद आणि विद्युतक्षेत्र इतके तीव्र असते, की कणाने वायूतून सोडवलेल्या इलेक्ट्रॉनांचा लोंढा तत्काळ वाढू लागतो आणि संकेत केव्हा आला याविषयीची अनिश्चितता फार थोडी उरते; एकच अरुंद फट असती तर पुष्कळ कण संकेत न देताच निसटले असते, म्हणून त्या अनेक ठेवाव्या लागतात. अशा पट्ट्यांनी सुमारे १४० चौरस मीटर क्षेत्र व्यापलेले आहे. पट्टीची स्वतःची अचूकता ५० पिकोसेकंदांच्या आसपास असल्यामुळे पायॉन आणि केऑन साधारण २.५ जीईव्हीपर्यंत, तर केऑन आणि प्रोटॉन ४ जीईव्हीपर्यंत वेगळे काढता येतात.

माझ्या मते, सेमिनारमध्ये खरा वेळ द्यावा तो घड्याळ केव्हा सुरू झाले, या प्रश्नाला. आदळणाऱ्या कणांच्या झुंडींना स्वतःची लांबी असल्यामुळे टक्करीचा नेमका क्षण घटनेगणिक मागेपुढे होतो आणि हा फरक शोधकाच्या अचूकतेहून मोठा असतो. म्हणून टक्करबिंदूजवळच्या वेगळ्या शोधकावरून, किंवा त्याच घटनेतील इतर अनेक कणांच्या पोहोचण्याच्या वेळा एकमेकींशी जुळवून, आरंभक्षण काढावा लागतो. घटनेत कण मोजकेच असतील, तेव्हा ही दुसरी रीत दुबळी पडते.