स्लो कुकरमधलं कॅसरोल: सहा माणसं, एक भांडं, मदत हवी

रानजाई

मंडळी, नमस्कार. मी मिनेसोटात, ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉल) एका उपनगरात राहते. साबा-साबु सातार्‍याहून आलेत, मार्चपर्यंत मुक्काम आहे (साबा म्हणजे सासूबाई, साबु म्हणजे सासरेबुवा). आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. मी सकाळी साडेसातला बाहेर पडते आणि घरी यायला साडेपाच तरी होतात. आल्या आल्या सहा जणांचा स्वयंपाक म्हणजे जीव जातो.

ऑफिसच्या पॉटलकमध्ये एकीनं स्लो कुकरमधलं (विजेवर मंद आचेनं तासन् तास शिजवायचं भांडं) चिकन कॅसरोल आणलं होतं, म्हणजे चिकन, भाज्या आणि सॉस एकत्र शिजवलेला पदार्थ. थोडं डब्यातून घरी आणलं, तर मुलांनी डबा चाटूनपुसून साफ केला. म्हणून सेलमध्ये सहा क्वार्टचा (साधारण साडेपाच लिटरचा) स्लो कुकर घेतला आहे. खोका अजून उघडलेला नाही, कारण नेटवरची प्रत्येक पाकृ सांगते 'सगळं टाका, झाकण लावा, आठ तासांनी वाढा', आणि माझा त्यावर विश्वास बसत नाही. आलं-लसूण परतलंच नाही तर कच्चं नाही लागणार? पाणी किती घालायचं? साबुंना झणझणीत हवं, लेकीला मिरीसुद्धा 'हॉट' लागते. गुरुवारी साबा मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी यात राजमा चालेल का? आणि साबु म्हणतात, विजेचं यंत्र दिवसभर चालू ठेवायचं नाही.

डुलुथकर

रानजाई, तुझा संशय रास्त आहे. मी नव्वदीच्या दशकात मिनेसोटातल्याच डुलुथ शहरात आले. शेजारची आजी हॉटडिश करायची (इथे कॅसरोलला तेच म्हणतात, कॅसरोल म्हटलंस की तू बाहेरची हे लगेच कळतं), आणि स्लो कुकर वापरायला मी तिच्याकडेच शिकले. ती कधीही 'सगळं टाका' करत नसे. आधी गॅसवर पंधरा मिनिटं आणि शेवटी पंधरा मिनिटं, एवढं द्यावंच लागतं. मधले तास यंत्राचे.

पाण्याबद्दल आधी बोलू, कारण घोळ तिथेच होतो. आपल्या पातेल्यात रस्सा आटतो. यात वाफ झाकणाला लागून परत खाली उतरते, आटत काहीच नाही. शिवाय चिकन, कांदा, मशरूम स्वतःचं पाणी सोडतात. म्हणून सहा क्वार्टच्या भांड्यात पाऊण कप पुरे. बघून वाटेल की हे करपणार. नाही करपत.

आता साहित्य. हाडं काढलेल्या चिकन थाइज (मांडीचे तुकडे) सव्वादोन पौंड, म्हणजे साधारण किलोभर. ब्रेस्ट घेऊ नकोस. त्याला चरबी नाही, सहा-सात तासांत दोरे सुटतात. थाइजमधला चिवटपणा मात्र याच मंद आचेवर विरघळतो आणि मांस मऊ पडतं. बटाटे चार, पिवळे किंवा लाल, रसेट नको, त्याचा लगदा होतो. गाजरं चार, सेलरीचे दोन देठ, दोन कांदे, सहा पाकळ्या लसूण, बोटाचं पेर एवढं आलं, मूठभर मशरूम.

सकाळी मोठ्या तव्यात दोन चमचे लोण्यावर कांदा गुलाबी कर. आलं-लसूण घालून वास जाईपर्यंत परत. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: हा कच्चा वास नंतर कुकरमध्ये जात नाही, कितीही तास ठेवलंस तरी. मग मिरपूड पाव चमचा, धणेपूड एक चमचा, थाइम असेल तर चिमूटभर. लवंग-दालचिनी नको, इतक्या तासांत ती सगळ्यावर कुरघोडी करते. यातच दोन मोठे चमचे मैदा घालून दोन मिनिटं भाज, वरून पाऊण कप स्टॉक ओत. जाडसर सॉस झाला की गॅस बंद. कंटाळा नसेल तर चिकनला आधी त्याच तव्यात दोन्ही बाजूंनी रंग आण. यानं रस आत कोंडला जातो वगैरे खोटं आहे, पण चव येते.

बटाटे-गाजराच्या इंचभर फोडी तळाला आणि कडेला लाव. लोक उलटं करतात. या भांड्यात कंदमुळं मांसापेक्षा उशिरा शिजतात आणि उष्णता कडेनं येते. त्यावर चिकन, त्यावर सॉस. भांडं अर्ध्याहून जास्त पण पाऊण भागाहून कमी भरलेलं हवं. 'लो'वर साडेसहा-सात तास. तू दहा तास बाहेर असतेस, तेव्हा टायमरवाला असेल तर सात तासांनी आपोआप 'वॉर्म'वर जाऊ दे. तीनेक तास तिथे राहिलं तर बिघडत नाही. पण 'वॉर्म'वर शिजवायचं नसतं, ते फक्त गरम ठेवण्यापुरतं.

घरी आलीस की अर्धा कप क्रीम, वाटीभर फ्रोजन मटार आणि मीठ घालून 'हाय'वर पंधरा मिनिटं. दूध-क्रीम सकाळी घातलंस तर संध्याकाळी फाटलेलं मिळेल. इथल्या बायका त्याऐवजी क्रीम ऑफ मशरूमचा डबा सकाळीच ओततात, तो पिठा-स्टार्चमुळे सहसा फाटत नाही. कॅम्पबेलचा हा डबा १९३४ पासून बाजारात आहे आणि मिनेसोटाच्या निम्म्या हॉटडिशा त्यावर उभ्या आहेत. मला खारट लागतो. तू घातलास तर वेगळं मीठ घालू नकोस.

मुलांसाठी टेटर टॉट्स (किसलेल्या बटाट्याचे फ्रोजन गोळे) हवेत ना? ते कुकरमध्ये टाकू नकोस, वाफेनं गिचका होतो. ओव्हनमध्ये कुरकुरीत करून वाढताना वर ठेव.

भांडणतंटा

मला एक कळत नाही. सासू-सासरे दिवसभर घरी आहेत, तर सरळ प्रेशर कुकर लावा ना दुपारी चारला. तीन शिट्ट्या, विषय संपला. आठ तास वीज जाळून चिकन शिजवायचं म्हणजे अमेरिकन चोचले.

डुलुथकर

भांडणतंटा, पाहुणे म्हणून आलेल्या सत्तरीच्या माणसांना रोज चारला किचनमध्ये उभं करायचं का, हा प्रश्न तुमच्या घरी तुम्ही सोडवा. विजेचं म्हणाल तर हे यंत्र 'लो'वर साधारण मोठ्या बल्बाइतकी वीज खातं. शिट्टीच्या कुकरमध्ये बटाटा, गाजर आणि चिकन एकाच वेळी नेमकं शिजवून दाखवा, मग बोलू.

रानजाई, साबु घरातच आहेत, मग चालू ठेवायला हरकत नाही. भिंतीपासून थोडं लांब, मोकळ्या ओट्यावर ठेव, एक्स्टेन्शन कॉर्डवर नको. खरा धोका साबांकडून आहे. त्या दर तासाला झाकण उघडून बघणार, 'शिजतंय का गं'. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यांना सांग, हा विजेवरचा वैल आहे (चुलीच्या बाजूचं मंद आचेचं तोंड). त्या काय समजायचं ते समजतील.

लेस्टरची लेक

डुलुथकर, मस्त. गुरुवारच्या राजम्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. कच्चा किंवा नुसता भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते खळखळ उकळल्यावरच निकामी होतं. चार-पाच अर्धकच्चे दाणेसुद्धा एक ते तीन तासांत उलट्या काढायला पुरतात. 'लो'वर बराच वेळ उकळी येतच नाही, आणि ८० सेल्सियसच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहून जास्त त्रासदायक ठरू शकतो. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा (किमान दहा मिनिटं, अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था एफडीए अर्धा तास म्हणते), मग कुकरमध्ये. नाहीतर सरळ डब्यातला राजमा घ्या, तो शिजवलेलाच असतो.

भांडणतंटा

काहीही. हे यंत्र जन्माला आलं तेच कडधान्यं शिजवायला. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सननं त्याचं पेटंट घेतलं १९४० मध्ये, आणि विकायचा तेव्हा नावच 'बीनरी' होतं. त्याच्या आईचं माहेर लिथुएनियातलं. तिथे ज्यू लोक शब्बाथच्या (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी स्वयंपाक करत नाहीत) आदल्या संध्याकाळी कडधान्याचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायचे आणि दुसर्‍या दिवशी जेवायचे, तिथून ही कल्पना. रायव्हल कंपनीनं ते विकत घेऊन १९७१ ला क्रॉक-पॉट म्हणून आणलं. इतकी वर्षं लोक काय उलट्या करत होते?

लेस्टरची लेक

इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष नाही. बेकरीची भट्टी काउंटरवरच्या यंत्रापेक्षा खूप तापते. शिवाय सगळी कडधान्यं सारखी नसतात. पांढर्‍या घेवड्यात हे प्रथिन राजम्यापेक्षा बरंच कमी, मसुरीचा तर प्रश्नच नाही. दहा मिनिटं उकळायला तुमचं काय जातं?

डुलुथकर

लेस्टरच्या लेकीला अनुमोदन. मी शेजारच्या आजीला राजमा आधी उकळतानाच पाहिलंय.

गुरुवारसाठी माझं मत: राजमा राहू दे, अख्खे मसूर घे. दोन कप मसूर, तेच बटाटे-गाजर, परतलेला कांदा-लसूण, चार कप पाणी (इथे पाणी लागतं, डाळ पिते), 'लो'वर सात तास. टोमॅटो किंवा चिंच शेवटच्या अर्ध्या तासातच. आंबट आधी पडलं की डाळ-कडधान्य आडमुठं होतं, दिवसभर शिजवलंस तरी दाताखाली येतं. वर किसलेलं चेडार घालून झाकण ठेवलंस तर मुलं कॅसरोल समजून खातील, साबा आमटी समजून.

तिखटाचा प्रश्न राहिला. भांडं लेकीच्या जिभेचं ठेव, झणझणीतपणा ताटात. साबा-साबु सातार्‍याहून आलेत म्हणजे बॅगेत कांदा-लसूण मसाला आलाच असणार, नाही म्हणू नकोस. पळीभर तेल तापव, ठेचलेला लसूण लाल होऊ दे, गॅस बंद करून त्यात दोन चमचे मसाला. हा कट वाटीत वेगळा. साबुंनी हवा तेवढा ओतून घ्यावा. सकाळी भांड्यात घातलेलं तिखट संध्याकाळपर्यंत नुसतं मवाळ तपकिरी होतं. रंग राहतो, झटका जातो.

नवखा_ऑस्टिन

मध्येच विचारतो. माझ्याकडे इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आहे, त्यात 'स्लो कुक' बटण आहे. तेच चालेल? आणि चिकन फ्रीझरमधून थेट टाकलं तर?

डुलुथकर

फ्रीझरमधून थेट नको, अजिबात. बर्फ वितळेपर्यंत मांस कोमट तापमानात तासन् तास पडून राहतं, जंतूंना तेच हवं असतं. आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा. चिरलेल्या भाज्या एका डब्यात, मांस दुसर्‍या डब्यात. शंका असेल तर शेवटी थर्मामीटर खुपसा, १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सियस) दिसलं पाहिजे.

बटणाचं: बहुतेक प्रेशर कुकर फक्त तळातून तापतात, स्लो कुकर कडेनंही. त्यामुळे तिथलं 'लो' बर्‍याचदा खूपच थंड पडतं. आधी 'सॉते'वर (परतायचं बटण) सगळं उकळीला आणा, मग 'स्लो कुक'चं 'हाय' लावा आणि वेळ वाढवून धरा.

रानजाई

धन्स सगळ्यांना! मसाल्याचं खरं आहे, दोन किलो आलाय, कस्टम्समधून कसा सुटला देव जाणे. रविवारी घरी असताना पहिल्यांदा करते, म्हणजे नजर ठेवता येईल. साबांना वैल सांगितलं, त्या म्हणाल्या, मग राख कुठे टाकायची? एकच शेवटचं: उरलं तर भांडं तसंच फ्रीजमध्ये ठेवून दुसर्‍या दिवशी परत 'लो'वर लावू का?

डुलुथकर

नको. जाड सिरॅमिक तासन् तास गरम राहतं, आतलं निवतच नाही. जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये टाक. दुसर्‍या दिवशी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये खळखळ गरम कर, स्लो कुकरमध्ये नाही. आणि थंडगार भांडं यंत्राच्या तापलेल्या बैठकीत ठेवू नकोस, तडा जातो. नवीन भांडं वेगळं विकत मिळतं, पण किंमत बघून वाटतं अख्खं यंत्रच घ्यावं.